समुद्रगुहेत पहिल्यांदाच डायव्हिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवख्या माणसांना समुद्रगुहेपर्यंत आणि काही गुहांच्या आत घेऊन जाणे हे माझे काम. बोटीवर बसल्यावर लोक साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. काही महत्त्वाचे प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही, म्हणून तेही मीच इथे घातले आहेत. घाईत असाल तर निदान पहिले तीन प्रश्न वाचा.

मी कधीच स्कूबा केलेले नाही. मला गुहेत जाता येईल का?

कुठल्या गुहेत, त्यावर ठरेल. ‘गुहा’ हा एकच शब्द आपण तीन अगदी वेगळ्या जागांना वापरतो आणि सगळा घोळ तिथेच होतो.

पहिली जागा म्हणजे अर्धी बुडालेली गुहा. खाली पाणी, वर खडकाचा घुमट, मध्ये भरपूर हवा आणि ती हवा गुहेच्या तोंडावाटे थेट बाहेरच्या हवेशी जोडलेली. काही बिनसले तर दोन-चार मीटर वर यायचे, डोके पाण्याबाहेर काढायचे, जॅकेट फुगवायचे आणि तरंगत राहायचे. जपानच्या ओकिनावा बेटावर माएदा भूशिराजवळची ‘निळी गुहा’ अशीच आहे आणि पहिल्यांदाच डायव्हिंग करणारे कितीतरी लोक तिथे जातात. समुद्र खवळलेला असला की तिथे उतरायला बंदी असते.

दुसरी जागा म्हणजे कमान, छोटा बोगदा किंवा गुहेचा तोंडाजवळचा भाग. इथे डोक्यावर सलग खडक असतो, सरळ वर येता येत नाही; पण कुठूनही मागे वळून पाहिले तर दिवसाचा उजेड दिसतो. डायव्हिंगच्या भाषेत याला ‘कॅव्हर्न’ म्हणतात.

तिसरी म्हणजे खरीखुरी गुहा. वळण घेतले की उजेड संपतो.

ज्यांनी कधीच डायव्हिंग केलेले नाही त्यांनी फक्त पहिल्या प्रकारच्या जागी जावे, तेही शांत समुद्रात. दुसऱ्या जागी जायला ओपन वॉटरचे, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचे, सर्टिफिकेट आणि त्यानंतरचा बऱ्यापैकी सराव हवा. तिथे स्वतःच्या भरवशावर जायचे असेल तर कॅव्हर्नचा वेगळा कोर्स असतो. डायव्हिंग शिकवणाऱ्या पाडी या संस्थेत त्यासाठी वय १८ पूर्ण आणि ओपन वॉटरच्या पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स झालेला असावा लागतो. शिकून झाल्यावरही मर्यादा ठरलेली असते: उजेड दिसत राहायला हवा, आणि पृष्ठभागापासून खोली आणि आतले अंतर मिळून ४० मीटरच्या पुढे जायचे नाही. तिसऱ्या जागेचा विचार नवख्याने करूच नये.

सर्टिफिकेट नसलेल्यांच्या प्रास्ताविक डाइव्हची मर्यादा १२ मीटर असते आणि जिथून सरळ वर येता येत नाही अशा छताखाली जाणे त्यात बसत नाही. कोणी ‘काही होत नाही, मी आहे ना’ म्हणून पहिल्याच दिवशी तुम्हाला बोगद्यातून काढायला निघाला, तर त्याच्या अनुभवाचे कौतुक न करता परत फिरा.

डोक्यावर खडक असला तर एवढा काय फरक पडतो?

सगळाच फरक पडतो. मोकळ्या पाण्यात शिकवलेल्या प्रत्येक उपायाच्या शेवटी एकच वाट असते: वर जा. मास्कमध्ये पाणी गेले, घाबरायला झाले, हवा संपत आली, सोबती दिसेनासा झाला, तरी शेवटी वर आकाश आहे. छताखाली ‘वर’ ही दिशाच उरत नाही. आलात तेवढेच आडवे अंतर परत जायचे, मग वर यायचे. तोवर जी अडचण आली असेल ती पाण्यातच सोडवावी लागते.

अमेरिकन गुहा-डायव्हर शेक एक्सली यांनी गुहांमधल्या मृत्यूंचा अभ्यास करून १९७९ साली काही नियम मांडले. बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत सलग दोरी हवी, दोन तृतीयांश हवा परतीसाठी राखून ठेवायला हवी आणि फार खोल जायचे नाही. पुढे त्यात प्रशिक्षण आणि टॉर्च यांची भर पडली. बुडालेल्या बहुतेकांनी यातले काही ना काही मोडलेले होते. फ्लोरिडातल्या झऱ्यांमध्ये आणि मेक्सिकोच्या जलगुहांमध्ये उजेड संपतो तिथे पाण्याखालीच सांगाड्याचे चित्र असलेली पाटी लावलेली असते: इथून पुढे येऊ नका. ती पाटी इन्स्ट्रक्टर लोकांनाही उद्देशून आहे. मोकळ्या समुद्रात हजार डाइव्ह झाल्या तरी छताखालचे शिक्षण आपोआप मिळत नाही.

पण गाइड सोबत असतो ना?

असतो, आणि असायलाच हवा. तो वाट दाखवतो, दोरी धरतो, तुमची हवा तपासतो, गरज पडली तर स्वतःच्या जादा रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणाऱ्या साधनातून, हवा देतो. पण श्वास तुमचा तुम्हालाच घ्यावा लागतो. घाबरलेल्या माणसाला मोकळ्या पाण्यात धरून वर आणता येते. तेच अरुंद बोगद्यात करायचे म्हटले, तर दोघांचाही जीव टांगणीला लागतो.

म्हणून गाइड निवडताना त्याने किती गुहा पाहिल्यात हे विचारू नका. हे विचारा: आत सगळीकडून उजेड दिसतो का? पाण्याच्या वर डोके काढता येईल अशी जागा कुठे कुठे आहे? एका गाइडबरोबर किती जण? बोटीवर ऑक्सिजन आहे का? आणि शेवटी: समुद्र कसा असेल तर तुम्ही जात नाही? या शेवटच्या प्रश्नाचे चटकन आणि नेमके उत्तर देणारा माणूस विश्वासाचा. ‘आम्ही कायम जातो’ असे ऐकू आले तर दुसरा शोधा.

किती जण, याबद्दल माझे मत पक्के आहे. गुहेच्या तोंडाशी एका गाइडबरोबर दोनच नवखे असावेत. माझे हात दोनच आहेत.

लाटा असतील तर काय होते? बाहेरून तर समुद्र शांत दिसतो.

तलावातली किंवा जमिनीखालची गुहा आणि समुद्रगुहा यांतला मोठा फरक हाच. समुद्रगुहा बहुतेक वेळा लाटांनीच कोरलेली असते. जिथे खडक ठिसूळ किंवा फटलेला, तिथे लाटा मारा करत राहतात आणि पोकळी आत सरकत जाते. म्हणजे गुहेचे तोंड त्याच दिशेला असते, जिकडून लाटा येतात.

उघड्या समुद्रावर लांब लांब अंतराने येणारी फुगवटी डोळ्याला जाणवतही नाही. तेच पाणी अरुंद होत जाणाऱ्या कपारीत शिरले की त्याचा वेग वाढतो. आत तुम्ही जागच्या जागी तरंगत असता आणि एकदम दोन मीटर पुढे ढकलले जाता. क्षणभर सगळे थांबते, मग तेवढेच मागे ओढले जाता. त्याच्याशी झुंजायला गेलात तर दमायला होते आणि हवा भराभर संपते. पाणी पुढे ढकलते तेव्हा त्याच्याबरोबर जायचे, मागे खेचते तेव्हा फक्त जागा राखायची. हा हेलकावा सौम्य असेल तर नवखाही पाच मिनिटांत शिकतो. सौम्य नसेल तर शिकायला तिथे थांबायचेच नाही.

उतरण्याआधी मी बोट गुहेपासून लांब थांबवते आणि निदान पंधरा मिनिटे नुसती तोंडाकडे बघत बसते. खडकावर ओली रेघ किती उंचावर आहे, पाणी किती वर चढते, किती खाली जाते. लाटा थव्याने येतात. चार-पाच बारीक आल्या म्हणून फसायचे नाही, मोठा थवा येऊन जाईपर्यंत बघायचे. एकदा वीस मिनिटे तोंड अगदी शांत होते. सगळ्यांनी सिलिंडर चढवले होते, एक जण बोटीच्या काठावर बसलाही होता. तेवढ्यात आतून ‘धप्’ असा दबका आवाज आला आणि गुहेच्या तोंडातून पाण्याचे तुषार फवाऱ्यासारखे बाहेर उडाले. आत अडकलेली हवा लाटेने दाबून बाहेर फेकली होती. मी सगळ्यांना सिलिंडर उतरवायला सांगितले. त्या दिवशी आम्ही बाहेरच्या खडकाशेजारी आठ मीटरवर डाइव्ह केली. काही जण नाराज झाले, ते मला समजते. लांबून आलेले असतात. तरीही तोच निर्णय मी पुन्हा घेईन.

भरती-ओहोटीही विचारून घ्या. ओहोटीला ज्या गुहेत डोक्यावर ऐसपैस हवा असते, तिचे तोंड भरतीला पूर्ण बुडालेले असू शकते. पहिल्या प्रकारची गुहा काही तासांत दुसऱ्या प्रकारची होते.

सिलिंडरमधली हवा किती वेळ पुरते?

हिशेब सोपा आहे, तो स्वतः करून बघा. नेहमीचा सिलिंडर १२ लिटरचा आणि २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे माप) भरलेला, म्हणजे २४०० लिटर हवा. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २५ लिटर हवा घेतो. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ५० लिटर. मोकळ्या पाण्यात शेवटचे ५० बार राखून साधारण ३६ मिनिटांची डाइव्ह होते.

छताखाली हेच गणित बदलते. एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला, उरलेली एक तृतीयांश अडचणीसाठी. म्हणजे आत जायला ८०० लिटर, फक्त १६ मिनिटे. आणि घाबरून श्वास दुप्पट वेगाने सुरू झाला की त्या १६ ची ८ होतात. दाबाच्या काट्यावर २०० चे १४० झाले की परत फिरायचे, मग समोर काहीही दिसत असो. नवख्यांबरोबर मी त्याच्याही आधी फिरते.

कानाला त्रास होतो का?

कान वेळेवर मोकळे केले तर नाही. पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होतो, म्हणून सगळ्यात जास्त त्रास वरच्या काही मीटरमध्ये होतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायला लागायच्या आधी. दडा बसल्यावर जोर लावायचा नाही. थोडे वर यायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. सर्दीची गोळी घेऊन उतरू नका. तिचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना कान किंवा सायनस अडकतात.

सगळ्यात महत्त्वाचा एकच नियम कोणता?

श्वास रोखायचा नाही. १० मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास कोंडून वर आलात तर फुप्फुस फाटू शकते, अगदी एक-दीड मीटर खोलीवरूनही. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नको.

बंद जागेची भीती वाटते. मी येऊ का?

आधी मोकळ्या पाण्यात एक डाइव्ह करा, मग ठरवा. लिफ्टमध्ये घाबरणारी कितीतरी माणसे पाण्याखाली शांत असतात, तर जमिनीवर धीट असणाऱ्यांना मास्क लावताच गुदमरल्यासारखे होते. जमिनीवर बसून यातले काही सांगता येत नाही.

गुहेच्या तोंडाशी पोहोचलो की मी सगळ्यांना वाळूवर थांबवते. बाहेरच्या उजेडातून आत पाहिले की समोर नुसते काळे भोक दिसते. डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. मिनिटभराने छत दिसू लागते, मग भिंती, मग तळाची वाळू. मी प्रत्येकाच्या बुडबुड्यांकडे बघते. एकसारखे, सावकाश येत असतील तर ठीक. भराभर येत असतील तर आम्ही आत जात नाही.

अंगठा वर केला की डाइव्ह संपली. कुणीही, कधीही, कारण न सांगता तो दाखवू शकतो आणि त्यावर पाण्यात चर्चा होत नाही, बोटीवर आल्यावर टोमणाही नाही. टॉर्चने खुणा होतात त्या अशा: झोताचा सावकाश गोल म्हणजे ‘ठीक आहे’, झोत आडवा भराभर हलला म्हणजे ‘मदत’. हाका मारून उपयोग नसतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने येतो, त्यामुळे तो कुठल्या बाजूने आला हे कानाला कळतच नाही.

आत गाळ उठला तर?

तळाशी पिठासारखा बारीक गाळ असू शकतो. पायातला फिन एकदा जोरात खाली मारला की हाताचा पंजाही दिसेनासा होतो. म्हणून पाय गुडघ्यात वाकवून वर ठेवायचे आणि बेडकासारखे बाजूला हलवायचे. आपले बुडबुडे छतावर आपटूनही कण खाली पडतात. त्यात कुणाचा दोष नसतो, पण परतताना पाणी जातानापेक्षा गढूळ असणार हे धरून चालायचे.

आणि तरंगणे आले पाहिजे. श्वास आत घेतला की आपण किंचित वर जातो, सोडला की खाली. वाळूपासून एक मीटरवर, हात न हलवता, दोन मिनिटे स्थिर राहून दाखवा. जमले तर आपण दुसऱ्या प्रकारच्या जागेबद्दल बोलू.

गुहेत हवेचा कप्पा दिसला तर रेग्युलेटर काढून श्वास घ्यावा का?

ती हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली आहे हे गाइडला नक्की माहीत असेल, तरच. चहूबाजूंनी बंद कप्प्यातली हवा शिळी असते. आधीच्या लोकांच्या उच्छ्वासाने तिच्यात कार्बन डायऑक्साइड साठलेला असू शकतो. गप्पा मारायला डोके वर काढायची ती जागा नव्हे.

तो निळा उजेड कसा पडतो?

यासाठीच तर सगळे येतात! सूर्याचा उजेड गुहेत वरून न येता तोंडाच्या पाण्याखालच्या भागातून शिरतो. पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषून घेते, मग नारिंगी, पिवळा. उरतो तो निळा. तळाच्या पांढऱ्या वाळूवरून तो वर उसळतो आणि सगळी गुहा खालून उजळते. आत शिरताना हा रंग दिसत नाही, कारण उजेड तुमच्या पाठीशी असतो. आत गेल्यावर सावकाश मागे वळा. तोंड निळ्या काचेसारखे पेटलेले असते आणि त्यासमोर तुमच्या सोबत्याची फक्त काळी आकृती, तिच्या डोक्यावरून बुडबुड्यांची चंदेरी माळ. मी हे किती वेळा पाहिले ते मोजलेले नाही, पण अजूनही मी प्रत्येकाला खांद्याला धरून वळवते आणि स्वतःही बघते.

टॉर्च मात्र दिवसाही हवी. करड्या वाटणाऱ्या भिंतीवर झोत टाकला की लाल-केशरी स्पंज दिसतात.

आत कोणते जीव असतात? शार्क असतात का?

शार्कची काळजी सोडा. कपारीत कोळंब्या, शेवंडे, मोठ्या डोळ्यांचे लाल मासे असतात. जपायचे ते समुद्री साळींच्या काट्यांपासून आणि खडकासारख्या दिसणाऱ्या विषारी विंचूमाशापासून, म्हणून कुठेही हात टेकवायचा नाही. भूमध्य समुद्रातल्या काही गुहांमध्ये दुर्मीळ मंक सील पिलांना जन्म देतात. असा प्राणी दिसला तर गाइड लगेच सगळ्यांना बाहेर काढेल. ती त्यांची बाळंतिणीची खोली आहे.

काही गुहांच्या छताला चुनखडीचे लोंबते सुळके दिसतील. थेंब थेंब ठिबकून बनणारे हे सुळके पाण्याखाली बनूच शकत नाहीत. म्हणजे ही गुहा एके काळी कोरडी होती. हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली होता. फ्रान्समध्ये मार्सेजवळच्या कॉस्के गुहेचे तोंड आज ३७ मीटर पाण्याखाली आहे आणि आत कोरड्या भागात आदिमानवाने काढलेली घोडे, हरणे आणि पेंग्विनसारख्या पक्ष्यांची चित्रे आहेत. १९९१ साली त्या गुहेत नेणाऱ्या बोगद्यात तीन डायव्हर वाट चुकून दगावले. सुळक्यांना बोट लावू नका. हजारो वर्षांचे काम असते ते, आणि पुन्हा वाढणार नाही.

कॅमेरा नेऊ का?

पहिल्या वेळी नको. श्वास, कान, तरंगणे, काटा, गाइड, एवढ्याकडे लक्ष देता देताच नवख्याचे डोके भरलेले असते.

पोहता येत नाही, चालेल का?

अर्ध्या बुडालेल्या गुहेतही नाही म्हणेन. ओपन वॉटरच्या कोर्ससाठी २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे लागते. तेवढे आले की पाण्यातली निम्मी भीती जाते.

चष्मा आहे.

नंबरचा मास्क मिळतो, आधी सांगा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात.

कोणते आजार असतील तर येऊ नये?

दमा, हृदयविकार, फिट येणे, फुप्फुसाचे किंवा कानाचे आजार, नुकतेच झालेले ऑपरेशन: डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नाही. गरोदरपणात अजिबात नाही. पाळी असेल तर चालते, बरे वाटत असेल तर बिनधास्त या. फॉर्मवर खरे लिहा. आजार लपवून उतरलेल्या माणसाला काय झाले असेल, हे गाइडला पाण्याखाली ओळखता येत नाही.

त्याच दिवशी विमान पकडता येईल का?

नाही. शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकच साधी डाइव्ह झाली असेल तर निदान १२ तास, एकापेक्षा जास्त किंवा लागोपाठ दिवस झाल्या असतील तर निदान १८ तास थांबा. गाडीने उंच घाट चढून जाणार असाल तर तेही आधी गाइडला सांगा. सांधे दुखणे, मुंग्या येणे, विचित्र थकवा, अंगावर चट्टे, यातले काही दिसले तर ‘झोपलो की बरे वाटेल’ म्हणू नका. लगेच फोन करा, रात्री दोन वाजले असले तरी.